खोली नंतर विचारा, आधी केसिंग

तेलविहिरीची बातमी आली की तिच्यात पहिला आकडा असतो खोलीचा. चार हजार मीटर खोदाई झाली, असं वाचलं की काम किती मोठं आहे ते कळल्यासारखं वाटतं. पण विहीर सुरक्षित आहे का, ती पंचवीस-तीस वर्षं नीट चालेल का, आसपासच्या गोड्या पाण्याला तिच्यापासून काही भय आहे का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नसतं. ते असतं विहिरीत उतरवलेल्या पोलादी नळ्यांमध्ये, म्हणजे केसिंगमध्ये, आणि केसिंग व खडक यांच्यामधली फट भरणाऱ्या सिमेंटमध्ये. डिप्लोमा करून रिगवर नोकरीला निघालेला तरुण असो, अपघाताची बातमी लिहिणारा वार्ताहर असो किंवा ज्याच्या शिवारालगत खोदाई होणार आहे असा शेतकरी असो, प्रत्येकाने विहीर समजून घ्यायची सुरुवात या पाऊण इंच ते दोन इंच फटीपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, आणि त्यासाठी नेमकं काय विचारायचं, ते पुढे मांडतो.

महाराष्ट्रात बोअर मारताना बहुतेकांनी पाहिलेलं असतं. हवेच्या दाबावर हॅमर चालतो, दगडाचा भुगा उडून बाहेर पडतो, आणि माती-मुरूम संपून काळा पत्थर लागेपर्यंतच केसिंग पाईप घालतात. खाली भोक उघडंच राहतं, कारण बेसॉल्ट स्वतःच्या ताकदीवर उभा राहतो. तेलविहिरीत ही सोय नसते. तेल आणि वायू बहुधा सापडतात ते वाळूखडक, चुनखडी, शेल अशा गाळाच्या थरांत. त्यातले काही थर पाण्याने फुगतात, काही ढासळतात आणि काहींत दाबाखालचं पाणी किंवा वायू कोंडलेला असतो. तिथे हवेवर खोदलं तर वायू थेट वर येईल. म्हणून भोक सतत मडने भरलेलं ठेवतात. मड म्हणजे बेंटोनाइट माती, पाणी किंवा तेल आणि वजन वाढवण्यासाठी बॅराइटची पूड यांचं मिश्रण. पंप ते पोकळ ड्रिल पाईपमधून खाली ढकलतो, ते टोकाच्या खोदणाऱ्या बिटच्या छिद्रांतून बाहेर पडतं आणि पाईपच्या बाहेरून दगडाचा चुरा घेऊन वर येतं. वर चाळण्यांवर चुरा वेगळा होतो आणि मड पुन्हा टाकीत जातं. बिट थंड ठेवणं आणि चुरा उचलणं ही मडची कामं सहज दिसतात. त्याचं मुख्य काम मात्र दिसत नाही, आणि ते आहे स्वतःच्या वजनाने थरातल्या वायूला जागेवर दाबून धरणं.

इथे थोडं गणित करावंच लागतं, कारण केसिंगचं सगळं मर्म त्यात आहे. पाण्याचा स्तंभ दर १० मीटरला सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. मोटारीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन किलोची. ३००० मीटरवर नुसत्या पाण्याचाच दाब ३०० किलो होतो. आता समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ३००० मीटरवरच्या वाळूखडकात वायूचा दाब ४८० किलो आहे. त्याला रोखायला पाण्याच्या १.६ पटींहून थोडं जड मड हवं, म्हणून आपण १.६५ घनतेचं घेतलं. तळाशी त्याचा दाब झाला ४९५ किलो, म्हणजे वायू आटोक्यात. पण तेच मड ८०० मीटरवरही उभं आहे आणि तिथे त्याचा दाब १३२ किलो आहे. तिथला खडक १२० किलोलाच तडकत असेल तर मड त्या भेगेत शिरेल, भोकातली पातळी उतरेल, तळावरचा भार कमी होईल आणि ज्या वायूसाठी मड जड केलं तोच उसळून वर येईल. मड हलकं ठेवलं तर खालून धोका आणि जड केलं तर वरून. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच: जड मड वापरण्याआधी वरचा कमकुवत खडक पोलाद आणि सिमेंटच्या आड बंद करून टाकायचा. केसिंग म्हणजे भोक ढासळू नये म्हणून लावलेला आधार, ही समजूत त्यामुळे अपुरी आहे. कोणती केसिंग कुठे संपवायची हे ठरतं थरातला दाब आणि खडक तडकण्याची मर्यादा या दोन रेषांमधल्या जागेवरून. ती जागा अरुंद असेल तर केसिंगची संख्या वाढते. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकचं भोक पाणी भरून ढासळू लागलं, तेव्हा त्याने लोखंडी पाईप ठोकत पक्क्या खडकापर्यंत नेला आणि त्याच्या आतून खोदलं. तेल लागलं अवघ्या २१ मीटरवर. आज विहिरी कित्येक किलोमीटर खोल जातात, पण आधी वरचा थर बंद करायचा आणि मग पुढे जायचं, हा क्रम तोच आहे.

सर्वसाधारण विहिरीत हा क्रम असा चालतो. सुरुवातीला २० किंवा ३० इंची कंडक्टर पाईप, वरची भुसभुशीत माती धरण्यासाठी. मग १७ १/२ इंची भोक मारून त्यात १३ ३/८ इंची सरफेस केसिंग. तिच्या आतून १२ १/४ इंची भोक आणि त्यात ९ ५/८ इंची केसिंग. शेवटी ८ १/२ इंची भोक आणि त्यात ७ इंची. यातल्या सरफेस केसिंगवर दोन मोठ्या जबाबदाऱ्या असतात. गोड्या पाण्याचे सगळे थर तिच्या मागे बंद व्हायला हवेत, आणि पुढच्या खोदाईत विहिरीच्या तोंडावर जे ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी बसतं, त्याचा पाया तीच असते. शेवटच्या टप्प्यातली फट मोजून पाहा. साडेआठ इंची भोकात सात इंची नळी, म्हणजे केसिंग मधोमध असेल तर चारी बाजूंना पाऊण इंच. शेकडो किलोच्या दाबाखालचा वायू आणि वरचे थर यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूने जे काही उभं आहे ते एवढंच.

ते पाऊण इंच भरतात कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. सुमारे १२ मीटर लांबीच्या नळ्या एकेक करून आट्यांवर ठरावीक ताकदीने आवळत खाली सोडतात. सगळ्यात खालच्या नळीच्या टोकाला शू असतो, त्याच्या थोडं वर फ्लोट कॉलर, आणि त्यात एकेरी झडप. ठरावीक अंतरावर नळीभोवती कमानीदार पट्ट्यांचे सेंट्रलायझर चढवतात, म्हणजे नळी भोकाच्या एका भिंतीला टेकत नाही. केसिंग तळाशी पोचली की आधी मड फिरवून भोक स्वच्छ करतात. मग एक रबरी प्लग, त्यामागे सिमेंटचं पातळ मिश्रण, त्यामागे दुसरा प्लग आणि त्याला ढकलायला पुन्हा मड. सिमेंट नळीतून खाली जातं, शूमधून बाहेर पडतं आणि बाहेरच्या फटीतून वर चढतं. दुसरा प्लग कॉलरवर येऊन बसला की पंपावरचा दाब एकदम वाढतो आणि काम तळाला पोचल्याचं कळतं. आता फटीचा हिशेब बघा: साडेआठ इंची भोक आणि सात इंची केसिंग असेल तर १००० मीटरला साधारण १२ घनमीटर सिमेंट लागतं. तेच भोक कुठे झिजून १० इंच झालेलं असेल तर तेवढ्याच लांबीला लागतं जवळपास २६ घनमीटर. म्हणून भोकाची खरी रुंदी कॅलिपरने मोजल्याशिवाय केलेला सिमेंटचा हिशेब अंदाजपंचेच असतो. नळी एका बाजूला टेकली असेल तर सिमेंट रुंद बाजूने वर जातं, अरुंद बाजूला जुनं मड तसंच राहतं, आणि त्या मडमधून वायूला वर यायला वाट मिळते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच दिसतात.

त्यामुळेच सिमेंट झालं आणि सिमेंट लागलं यांत फरक करायला शिकावं. सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबणं ही पहिली गोष्ट. त्यानंतर केसिंगवर आतून दाब देऊन ती धरते का ते पाहतात. शू खोदून थोडं पुढे जाऊन लीक-ऑफ टेस्ट घेतात, म्हणजे शूखालचा खडक किती दाब सोसेल ते मोजतात. वरच्या गणितात १२० किलोचा आकडा मी गृहीत धरला होता. प्रत्यक्षात तसा आकडा इथे मिळतो. सिमेंट नळीला आणि खडकाला नीट चिकटलं आहे का, हे तपासायला सिमेंट बाँड लॉग नावाचं ध्वनिलहरींचं उपकरण केसिंगमधून फिरवतात. विहिरीतला भार मुद्दाम कमी करून बाहेरून काही आत शिरतंय का पाहणं, ही निगेटिव्ह प्रेशर टेस्ट. यातली कोणतीही एक चाचणी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मड पूर्ण परत आलं म्हणजे सिमेंट कुठे वाया गेलं नाही एवढंच कळतं. ते सगळीकडे सारखं बसलं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहिरीवर नेमकं याच ठिकाणी घसरलं. सुमारे १५०० मीटर खोल पाण्यातली ही विहीर. दाबाच्या दोन रेषांमधली जागा इतकी अरुंद उरली होती की खडक तडकू नये म्हणून नायट्रोजनचा फेस मिसळलेलं हलकं सिमेंट वापरावं लागलं. केसिंगवर सेंट्रलायझर चढवले सहा, जरी २१ वापरण्याचा विचार झाला होता. केवळ त्या कमतरतेमुळे सिमेंट फसलं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने ठामपणे म्हटलेलं नाही, आणि ते इथे नोंदवलं पाहिजे. पण पुढचं वाचा. मड पूर्ण परत आलं म्हणून बाँड लॉग न घेताच ते करणाऱ्या पथकाला परत पाठवण्यात आलं. निगेटिव्ह टेस्टमध्ये ड्रिल पाईपवर १४०० पीएसआय दाब दिसत होता, म्हणजे विहीर आतून ढकलत होती; तरी दुसऱ्या नळीतून प्रवाह नाही एवढ्यावर चाचणी उत्तीर्ण धरली गेली. त्या रात्री ११ माणसं गेली आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. खोदाई तिथे कधीच पूर्ण झाली होती. फसलं ते सिमेंट, आणि त्याहून जास्त फसलं ते सिमेंटबद्दलच्या खुणांचं वाचन.

यावर रिगवरचे अनुभवी लोकही एक आक्षेप घेतात: तोंडावर बीओपी असताना सिमेंटची एवढी चिंता कशाला? बीओपी म्हणजे पोलादी जबड्यांची मोठी झडप, विहीर उसळलीच तर ती बंद करण्यासाठी. तिचं महत्त्व कोणी नाकारत नाही. पण मॅकोंडोवर ती असूनही विहीर बंद झाली नाही. आणि ती कायमची नसते. काम संपलं की काढावीच लागते. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानच्या ५ क्रमांकाच्या विहिरीवर २७ मे २०२० रोजी ब्लोआउट झाला तो जुन्या विहिरीच्या दुरुस्तीच्या कामात. राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीने बोट ठेवलं ते नेमकं इथे: तपासून खात्री केलेला दुसरा अडथळा जागेवर नसताना बीओपी काढण्यात आलं. ९ जूनला विहिरीने पेट घेतला, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, शेजारच्या मागुरी-मोटापुंग बील या पाणथळीचं आणि गावांचं अतोनात नुकसान झालं, आणि विहीर पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. कोणत्याही क्षणी तपासलेले दोन स्वतंत्र अडथळे हवेत, हा या क्षेत्रातला जुना नियम आहे. ओलं सिमेंट हा अडथळा धरता येत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याबद्दलचा आहे आणि तो वरकरणी पटतो. तेल तीन किलोमीटर खाली, पिण्याचं पाणी शंभर-दोनशे मीटरवर, मध्ये जाड खडक. मग एकाचा दुसऱ्याशी संबंध काय? निसर्गात तो बहुधा नसतो. तो जोडतो आपण, भोक मारून. २०१४ साली पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासमधल्या पाण्याच्या विहिरी तपासून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोदाईमुळे जिथे वायू पाण्यात उतरलेला आढळला, तिथे संशोधकांनी दोष दिला तो प्रामुख्याने केसिंग आणि सिमेंटमधल्या त्रुटींना. खोल थर फोडण्याच्या प्रक्रियेतून वायू थेट वर आल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे खडक बहुधा आपलं काम करतो, विहिरीने आपलं केलेलं नसतं. (बोअर मारणाऱ्यांनीही यातून एक गोष्ट घ्यावी. केसिंग पाईपभोवतीची फट वरून काही मीटर सिमेंटने किंवा चिकणमातीने बंद केली नाही, तर गोठ्याचं आणि मोरीचं पाणी पाईपच्या बाहेरून थेट बोअरमध्ये उतरतं. खर्च किरकोळ असतो, तरी अनेक ठिकाणी तो टाळला जातो.)

मग जास्त केसिंग म्हणजे जास्त सुरक्षित, असं समजायचं का? तसंही नाही. प्रत्येक नव्या केसिंगने भोक अरुंद होतं, तळाशी उत्पादनासाठी जागा कमी उरते, आणि प्रत्येक नव्या फटीत सिमेंट नीट बसवण्याची नवी परीक्षा येते. योग्य ठिकाणी थांबवलेल्या तीन केसिंग चुकीच्या ठिकाणच्या पाचांहून केव्हाही बऱ्या. खर्चाचा मुद्दाही खरा आहे. रिगचं भाडं दिवसावर चालतं, आणि सिमेंट घट्ट होण्याची वाट पाहणं म्हणजे पैसा ओतत स्वस्थ बसणं. पण बिघडलेलं सिमेंट सुधारायचं तर केसिंगला भोकं पाडून दाबाने नवं सिमेंट कोंबावं लागतं, आणि ते पहिल्या कामाइतकं चांगलं क्वचितच होतं. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायचंच पाहा. १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगवरून तिथे तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. इतक्या वर्षांच्या उपशानंतर चुनखडीतला दाब उतरला की नेहमीचं जड सिमेंट तिथे थरात निघून जाऊ शकतं; मग हलकं सिमेंट बेतावं लागतं. जुन्या विहिरीच्या केसिंगला बाजूने खिडकी पाडून तिथून नवी वाट खोदण्याची पद्धतही तिथे वापरतात. अशा वेळी जुनी केसिंग आणि जुनं सिमेंट कसं केलं होतं, यावर नव्या कामाचं भवितव्य उभं असतं.

सामान्य माणसाला यातलं काय कळणार, हा शेवटचा आक्षेप मला मान्य नाही. विहिरीचा आराखडा एका पानाचा असतो आणि तो वाचता येतो. प्रकल्पाची पर्यावरणविषयक कागदपत्रं केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर असतात. पर्यावरण मंजुरीच्या नियमांतल्या जानेवारी २०२० च्या बदलानंतर नुसत्या शोधविहिरींना जनसुनावणी लागत नाही, पण उत्पादनाच्या टप्प्याला लागते. त्यामुळे सुनावणीची वाट पाहत बसू नका, शोधाच्या टप्प्यातच कागद मागवा. आराखड्यात प्रथम पाहा की सरफेस केसिंगचा शू परिसरातल्या सगळ्यात खोल गोड्या पाण्याच्या थराच्या खाली आहे की नाही, आणि तिच्यामागचं सिमेंट जमिनीपर्यंत आणलं आहे का. भूजल कुठवर आहे हे गावातल्या बोअरच्या खोलीवरून तुम्हाला कंपनीइतकंच माहीत असतं, ती माहिती लेखी द्या. मग विचारा की आतल्या केसिंगचं सिमेंट वरच्या शूच्या आत किती मीटर चढवणार, लीक-ऑफ टेस्टचे आकडे कुठे नोंदवणार, बाँड लॉग घेणार का आणि तो वाईट आला तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाला अडखळत उत्तर आलं तर तिथेच थांबून पुन्हा विचारा. खोदाई सुरू होण्याआधी आपल्या विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल जपून ठेवा, त्यात मिथेन मोजून घ्या; पुढे तक्रार करायची वेळ आली तर आधीचा अहवाल हाच पुरावा असतो. जमिनीवरच्या तेलखाणींत सुरक्षेची देखरेख खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहे, समुद्रात ती तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे, आणि तक्रार योग्य दारात गेली तरच तिची दखल घेतली जाते.

रिगवर जाणाऱ्या तरुणांसाठी वेगळं सांगायचं ते एवढंच. पहिली काही वर्षं तुमच्याकडे निर्णय नसतील, पण नजर असेल. पंप बंद केल्यावरही विहिरीतून मड वाहत राहिलं किंवा टाकीतली पातळी कारण नसताना चढली, तर ती किकची, म्हणजे थरातला वायू किंवा पाणी विहिरीत शिरू लागल्याची, खूण आहे. ती सांगायला वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहू नका. सिमेंटिंगच्या वेळी किती मड परत आलं, प्लग बसताना दाब किती चढला, किती तास थांबलो, हे स्वतःच्या वहीत लिहा. चाचणीचा आकडा अपेक्षेशी जुळत नसेल आणि त्यासाठी कोणी पटण्यासारखं कारण शोधू लागलं, तर चाचणी पुन्हा घ्यायला सांगा. मॅकोंडोवर १४०० पीएसआयसाठीही त्या रात्री एक कारण सापडलं होतं.

आणि विहीर सुरू झाल्यावर लक्ष काढून घेऊ नका. केसिंगच्या दोन नळ्यांमधल्या फटीवर वरच्या तोंडाशी दाबमापक बसवलेला असतो. तो शून्यावर असायला हवा. दाब सोडल्यावर पुन्हा पुन्हा चढत असेल तर आत कुठेतरी गळती आहे. ही नोंद किती दिवसांनी घेतात आणि ती कोणाला पाहता येते, हे जमीन भाड्याने देतानाच्या करारात लिहून घ्यावं. विहीर बंद करताना तिच्यात वेगवेगळ्या खोलीवर सिमेंटचे प्लग टाकतात, केसिंग जमिनीखाली कापतात आणि वर पोलादी झाकण वेल्ड करतात. प्लग किती खोलीपासून किती खोलीपर्यंत आहेत, त्यांच्यावर दाब देऊन तपासणी झाली का आणि विहिरीची जागा नकाशावर कुठे आहे, याची प्रत मागून घ्या आणि जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा. पुढे त्याच जागी कोणी बोअर मारायला किंवा घर बांधायला निघालं तर ती लागेल.